पुरणाची पोळी

महाराष्ट्रात गोड पदार्थांना तोटा नाही. गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक, संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी, दसऱ्याला श्रीखंड, कोजागिरीला आटीव दूध, दिवाळीला करंज्या, शंकरपाळे आणि अनारसे. प्रत्येक सणाने आपापले पक्वान्न जणू वाटून घेतले आहे. पुरणाची पोळी मात्र कोणा एका सणाच्या वाट्याला आलेली नाही. ती होळीची म्हणावी, तर पोळ्यालाही ती हवीच. श्रावणातल्या शुक्रवारी तिच्यातल्या पुरणाचे दिवे करून आई मुलांना ओवाळते. गौरी जेवतात त्या दिवशी पानात ती असते, गुढीपाडव्यालाही असते. लेक माहेरी आली, जावई घरी आला, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, तरी घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच, "मग पुरण घालायचे ना?"

तसे पाहिले तर या पक्वान्नात फार मोलाचे असे काही नाही. हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाची कणीक, वेलदोडा, जायफळ आणि वर तूप. केशर नको, बदाम नको, खवा नको. शेतात पिकलेले आणि घरात साठवलेले धान्य, एवढ्यावर ही पोळी उभी राहते. म्हणूनच वाड्यात ती होते आणि झोपडीतही होते; फरक पडतो तो तुपाच्या धारेत. सामान असे साधे. पण ती साधणे मात्र सोपे नव्हे. ज्या घरी ती उत्तम होते, त्या घराची कीर्ती गावभर असते.

कणकेच्या पातळ पोळीची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ झाला. त्यात राजाच्या भोजनाचे वर्णन करताना मंडक नावाचा पदार्थ सांगितला आहे. आपला आजचा मांडा तो हाच. खानदेशात आजही पुरणाचे मांडे होतात. चुलीवर मातीचे खापर पालथे घालतात. सैल कणकेच्या उंड्यात पुरण भरून तो दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवतात, आणि ताटाहून मोठा झाला की अलगद त्या तापल्या खापरावर पसरतात. तेथे पोळपाट नाही, लाटणे नाही. सारे काम दोन हातांचे. विदर्भातली पोळी पुरणाने गच्च भरलेली असते आणि ती तुपात बुडवून खातात. काही घरी पिठाऐवजी तेलाचा हात लावून केळीच्या पानावर वा कागदावर पोळी लाटतात, ती तेलपोळी.

महाराष्ट्राच्या सीमेपाशी येऊन पोळी थांबत नाही. कर्नाटकात ती होळिगे किंवा ओब्बट्टू होते, आंध्रात आणि तेलंगणात बोब्बट्लू होते, तमिळनाडूत पोळीच राहते. गुजरातेत तिच्यात बहुधा तुरीच्या डाळीचे पुरण घालतात आणि तिला वेढमी असेही म्हणतात. कोठे गूळ, कोठे साखर, कोठे नारळ. भाषा बदलली, लिपी बदलली, तरी सणाच्या दिवशी तव्यावरून निघणारा वास मात्र ओळखीचाच राहतो.

पोळीची गोडी सुरू होते ती स्वयंपाकघरात नव्हे, गुऱ्हाळात. कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे. २०१४ साली त्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत ठेवतात. त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्याला धरून मळी वर येते, ती काढून टाकतात. रस आटत जातो, त्याचा रंग पालटतो, बुडबुड्यांची जात बदलते. अशा वेळी काहिलीपाशी उभा असतो तो गुळव्या. तो पाकाचे चार थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. उष्णतामापक लावला तर त्या वेळी पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसेल. पण गुळव्याला पारा लागत नाही. काहील क्षणभर लवकर उतरली तर गूळ चिकट राहतो, क्षणभर उशिरा उतरली तर करपतो. शेतकऱ्याचे वर्षभराचे श्रम त्या एका क्षणावर अवलंबून असतात, आणि तो क्षण ओळखणारा माणूस आपल्या डोळ्यांवर, कानांवर आणि बोटांवर विसंबून असतो.

घरातले पुरणही असेच आहे. त्याची कृती ऐकली तर चार वाक्यांत संपते. जितक्या वाट्या हरभऱ्याची डाळ, तितक्याच वाट्या चिरलेला गूळ. डाळ धुऊन, तिप्पट पाण्यात, बोटांत धरताच चेपेल अशी मऊ शिजवावी. ती रोळीत ओतून वरचे पाणी निथळू द्यावे. हे पाणी म्हणजे कट. तो कोणी टाकून देत नाही. त्याची चिंच, गूळ आणि काळा मसाला घालून आमटी होते, आणि गोडाने जड झालेल्या जिभेला तीच पुन्हा हुशारी आणते. निथळलेल्या डाळीत गूळ घालून ती पुन्हा शिजवावी, आटली की वेलदोडा व जायफळ घालावे, आणि गरम आहे तोच पुरणयंत्रातून काढावी. पूर्वी हे काम पाट्यावर वरवंट्याने होई.

या चार वाक्यांच्या पोटात मात्र अनेक कारणे दडलेली आहेत. डाळ पुरती शिजल्यावाचून गूळ का घालू नये? कारण गुळातली साखर आणि त्यातले क्षार डाळीच्या पेशींची बांधणी घट्ट करतात. एकदा गूळ पडला की कच्ची राहिलेली डाळ मग तासभर उकळली तरी मऊ होत नाही. ती कणी होऊन पुरणात राहते आणि लाटताना पोळीला भोक पाडते. गूळ घातल्याबरोबर घट्ट डाळ एकाएकी पातळ का होते? कारण गूळ वितळतो आणि डाळीतले पाणीही सुटते. नवखी माणसे येथे घाबरतात. जाणती माणसे आच मंद करतात, लांब दांड्याचे उलथने घेतात आणि ढवळत राहतात. कारण रटरटणारे पुरण उडते आणि हातावर पडले तर फोड येतो. पुरण आटत आले, आणि मध्ये उभे केलेले उलथने न पडता तसेच उभे राहिले, की पातेले खाली उतरवावे. निवल्यावर ते आणखी घट्ट होणार, हेही ध्यानात ठेवावे लागते.

कणकेचे शास्त्र वेगळे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यात ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. या जाळ्यामुळेच कणीक ताणली जाते. पण नुकतीच तिंबलेली कणीक हट्टी मुलासारखी असते. लाटली की मागे सरते. म्हणून तिला तेल लावून दोन तास झाकून ठेवतात. तेवढ्या वेळात ती सैलावते, मऊ होते, आणि मग लाटणे नेईल तिकडे जाते. पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरतात, त्यालाही कारण आहे. तांदळात ते चिवट जाळे होत नाही; त्यामुळे पिठी कणकेत मिसळून न जाता कोरडी राहते आणि पोळी पोळपाटाला चिकटू देत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की पुरण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा हवा. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मध्येच बसते आणि कडा कोऱ्या राहतात. कणीक घट्ट आणि पुरण सैल असेल तर पोळी फुटते. दोन्ही एका जिवाची असली, तरच पुरण कणकेबरोबर सरकत सरकत काठापर्यंत जाते. मग तव्यावर टाकलेली पोळी टम्म फुगते, तिच्यावर सोनेरी ठिपके उमटतात, आणि तूप सोडताच साऱ्या घराला सण आल्याचे कळते.

आता हा सारखेपणा ओळखावयाचा कसा? जुन्या बायकांना विचारले तर त्या एकच शब्द सांगत, "अंदाजाने." किती पाणी? अंदाजाने. किती वेळ? अंदाजाने. शिकणाऱ्याला या उत्तराचा राग येतो. पण तो टाळण्याचा प्रकार नव्हे. अंदाज म्हणजे शेकडो वेळा केलेल्या कामाची हाताने ठेवलेली आठवण. पुढे पाककृतींची पुस्तके झाली. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा यांची मापे देऊन त्या पुस्तकाने कितीतरी नवख्या गृहिणींना धीर दिला. माहेर आणि सासर दोन्ही दूर असलेल्या, परमुलखात एकट्याने संसार थाटलेल्या मराठी मुलींना त्याचा फार मोठा आधार वाटला. पुस्तकाने वाटीचे माप दिले. पण उलथने उभे राहते म्हणजे नेमके कसे, हे पाहण्यासाठी कोणाच्या तरी शेजारी उभे राहावेच लागते.

एका मोठ्या घरात घडलेला प्रसंग या बाबतीत सांगण्यासारखा आहे. त्या घरात आजी होती, दोन सुना होत्या, आणि मुलेबाळे धरून दहा माणसे जेवावयास असत. पन्नास वर्षे त्या घरातली पुरणपोळी आजीच करीत आली होती. सुना नोकरीवर जात. सणाच्या दिवशी त्या डाळ शिजवून देत, भजी तळत, पाने मांडत. पण पोळपाट आजीचा. तिच्या पोळीचा काठ असा भरलेला असे, की कोणत्याही बाजूने पहिला घास घ्यावा, तो गोडच लागे. घरातली सारी माणसे पोळीचे कौतुक करीत. ती कशी होते, हे मात्र कोणी कधी पाहिले नव्हते.

एका वर्षी होळीला आठ दिवस उरले असता आजी अंगणात पाय घसरून पडली. उजवे मनगट दुखावले आणि हाताला प्लास्टर घालावे लागले. होळीच्या दिवशी पोळ्या दुकानातून आणल्या. त्या चांगल्या होत्या. कोणी नावे ठेवली नाहीत. तरी जेवताना नेहमीचा गलका झाला नाही. आजीनेही अर्धीच पोळी खाल्ली. रात्री ती मोठ्या सुनेला म्हणाली, "अगं, पोळी गेली तर जाऊ दे. पण माझ्या मागे ती कोणाच्या हातात राहील, असा विचार आज पहिल्यांदा मनात आला."

हे बोलणे सातवीत शिकणाऱ्या नातवाने ऐकले. पंधरा दिवसांनी गुढीपाडवा आला. आजीचा हात अजून गळ्यात बांधलेलाच होता. सकाळी नातू आणि त्याची धाकटी बहीण हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. नातू म्हणाला, "आजी, तू नुसती सांग. आम्ही करतो." आई हसली, काकूही हसली. आजी मात्र हसली नाही. ती ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली.

तेव्हा आजीची खरी परीक्षा सुरू झाली. पन्नास वर्षे जे काम हाताने केले, ते तिला तोंडाने सांगावयाचे होते. नातवाने विचारले, "कणीक किती मऊ करायची?" आजीच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला, "अंदाजाने." पण तिने तो तेथेच थांबवला. पुष्कळ विचार करून ती म्हणाली, "आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून पाहा. तितकी मऊ." मुलांनी आपापल्या कानांना हात लावला. "पुरण किती भरू?" "कणकेचा गोळा लिंबाएवढा घेतलास ना? मग पुरणाचा त्याहून थोडा मोठा घे." "लाटू कशी?" "दाबू नकोस. लाटण्याला पोळीवरून नुसते चालू दे. मधल्यापेक्षा काठाकडे लक्ष ठेव." बहीण पुरणयंत्राचा दांडा फिरवीत होती, तिचा हात भरून आला की काकू तो घेई. अशा रीतीने आजीच्या हातातली विद्या त्या सकाळी प्रथमच शब्दांत उतरली. मोठ्या सुनेने ती एका वहीत लिहूनही घेतली.

पहिली पोळी फुटली. पुरण तव्यावर सांडले आणि करपल्याचा वास सुटला. दुसरी पोळी पोळपाटालाच चिकटून राहिली. तिसरी तव्यावर पोहोचली खरी, पण तिचा आकार गोल नव्हता. एका बाजूला शेपूट निघाले होते. नातवाचे तोंड उतरले. "आजी, ही तर नकाशासारखी झाली," तो म्हणाला. आजी म्हणाली, "नकाशा असू दे. फुगली की नाही, ते पाहा." पोळी खरोखरच फुगली होती.

नातवाने ती तव्यावरून थेट ताटलीत घेतली, वर तूप सोडले आणि आजीच्या मांडीवर ठेवली. आजीने डाव्या हाताने तुकडा मोडला आणि तोंडात घातला. क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग हलकेच म्हणाली, "तव्यावरची गरम पोळी अशी लागते होय!"

स्वयंपाकघरात एकाएकी सारे गप्प झाले. पन्नास वर्षे त्या घरातली माणसे तव्यावरून उतरलेली गरम पोळी खात आली होती. "आणखी एक वाढ," म्हणत आली होती. आणि पोळी करणारी मात्र सर्वांची जेवणे आटोपल्यावर, उरलेली, निवलेली, बहुधा फुटलेली पोळी घेऊन एकटीच जेवत आली होती. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. कोणी तिला विचारलेही नव्हते.

येथे थोडे गणित करून पाहावे. घरात १० माणसे आहेत आणि प्रत्येकाने ३ पोळ्या खाल्ल्या, असे धरले तर ३० पोळ्या होतात. उंडा भरून, लाटून, दोन्ही बाजू भाजून एक पोळी उतरवण्यास ४ मिनिटे लागतात असे मानले, तर ३० पोळ्यांना १२० मिनिटे, म्हणजे पुरे २ तास लागतात. हे दोन तास चुलीपाशी अथवा शेगडीपाशी उभे राहण्याचे. डाळ शिजवणे, पुरण आटवणे व वाटणे, कणीक तिंबणे, शेवटी तूप आणि पुरण लागलेली भांडी घासणे, हा वेळ निराळाच. पानावर बसलेल्या माणसाची एक पोळी मात्र पाच मिनिटांत संपते. ज्याला हे गणित एकदा कळले, तो 'आणखी एक' म्हणताना क्षणभर तरी थांबेल, आणि पोळी कोण करीत आहे हे मान वळवून पाहील.

कोणी म्हणेल, स्वयंपाक हे बायकांचेच काम. ही समजूत खरी नाही. लग्नामुंजीत शेकडो माणसांची पंगत उठवणारे आचारी बहुधा पुरुषच असत. गुऱ्हाळातल्या काहिलीपाशी उभा राहणारा गुळव्या पुरुष असतो. मग आपल्याच घरातल्या पोळपाटाशी बसण्यात मुलाला कसला कमीपणा? हात मुलाचा की मुलीचा, हे कणकेला कळत नाही. तिला कळते ते एवढेच, की हात हलका आहे की जड, आणि लाटणाऱ्याचे लक्ष ठिकाणावर आहे की नाही.

पुरणाच्या पोळीची रीत मुळात वाटून खाण्याचीच आहे. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलांना धुतो, सजवतो, त्यांच्या खांद्यांना लोणी व हळद लावतो आणि घरातल्या माणसांच्या आधी त्यांना पुरणपोळीचा घास देतो. वर्षभर ज्याने नांगर ओढला, त्याचा मान पहिला, हा त्यातला अर्थ. होळीच्या दिवशी शेजारी ताट जाते. ते ताट कधी रिकामे परत येत नाही. निदान मूठभर साखर घालून ते परत येते. ज्यांच्या शेजारी मुसलमान कुटुंब आहे, त्यांच्याकडे ईदेचा शीरखुर्मा येतो. ख्रिस्ती कुटुंब असले तर नाताळात नेवऱ्या येतात. अशा रीतीने एका घरचा सण दुसऱ्या घरात पोहोचतो.

होळीच्या अग्नीत पोळीचा नैवेद्य टाकण्याची चालही पुष्कळ ठिकाणी आहे. या चालीविषयी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी लोकांपुढे वेगळा विचार मांडला. होळी लहान करावी आणि पोळी दान करावी, अशी हाक त्यांनी दिली. गावोगावी आणि शहरांतल्या चौकाचौकांत कार्यकर्ते टोपल्या घेऊन उभे राहू लागले. आगीत पडणाऱ्या पोळ्या त्या टोपल्यांत जमू लागल्या आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नव्हती अशा माणसांपर्यंत पोहोचू लागल्या. लाकूड वाचले, अन्न वाचले, आणि सणही उणा झाला नाही. कित्येक शाळांतली मुलेही या कामात उत्साहाने भाग घेतात. आपल्या आईने दोन तास उभे राहून केलेली पोळी एखाद्या उपाशी मुलाच्या मुखी पडते आहे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला अन्नाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

आज पुरणपोळी विकत मिळते, आणि त्यात वाईट असे काही नाही. अनेक भगिनींचे संसार या व्यवसायावर उभे आहेत. त्यांच्या श्रमाला योग्य दाम मिळावे हेच न्यायाचे. घरी वेळ नसेल, हात चालत नसतील, तर विकतची पोळी आनंदाने खावी. पण ज्या घरात अजून आजी आहे, आई आहे, किंवा पुरण घालता येणारे आजोबा वा काका आहेत, त्या घरातल्या मुलांनी एक सण तरी त्यांच्या शेजारी उभे राहून घालवावा. गूळ चिरावा, पुरणयंत्राचा दांडा फिरवावा, पुरणात उलथने उभे राहते का ते पाहावे. पहिली पोळी फुटेल, दुसरी चिकटेल. त्याला इलाज नाही. ज्यांच्या पोळीचे आज कौतुक होते, त्यांच्याही पहिल्या पोळ्या अशाच फुटल्या असतील.

आणि तिसरी पोळी नीट फुगली, म्हणजे ती कोणाच्या ताटात वाढावयाची, हे मुलांना सांगावे लागू नये. जे हात वर्षानुवर्षे इतरांना गरम वाढत आले, त्या हातांवर ती पहिली ठेवावी. आणि तूप घालताना हात आखडता घेऊ नये.